म्युनिकला येताय ना, मग पहिल्याच उन्हाळ्यात मराठी मंडळाच्या पिकनिकला जा

तुम्ही विचारलंय की एप्रिलमध्ये चार वर्षांच्या मुलीला घेऊन म्युनिकला शिफ्ट होतोय, गाडी लगेच घेणार नाही, कोणी ओळखीचं नाही, तर मराठी कुटुंबं मिळून गावाबाहेर पिकनिकला जातात तिथे नवख्यांनी जावं का आणि ते झेपतं का. जावंच. आणि गाडीचं टेन्शन डोक्यातून काढून टाका. भारतातलं लायसन्स इथे राहायला आल्यापासून 6 महिनेच चालतं, मग परीक्षा आल्याच, आणि कोणी लिफ्ट दिली तरी मुलीला चाइल्ड सीट लागणार (12 वर्षं पूर्ण होईपर्यंत किंवा 150 सेमी उंची होईपर्यंत), मांडीवर घेऊन बसतो हे इथे चालत नाही.

म्हणून बरेच जण ट्रेननेच जातात. आमरझे तलावाला जायचं तर एस-8 ही लोकल पकडून शेवटचं स्टेशन हेरशिंग, तिथून पाणी चालत जवळच. श्टार्नबेर्गच्या तलावाला एस-6. बायर्न-तिकीट (बायर्न म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे ते, त्याचं एका दिवसाचं तिकीट) काढलं की एका तिकिटावर 5 जणांपर्यंत जाता येतं, फक्त नावं लिहावी लागतात, आणि सोमवार ते शुक्रवार सकाळी 9 नंतरच चालतं, शनिवार-रविवारी ती अट नाही. 6 वर्षांखालच्यांना तिकीटच नाही त्यामुळे मुलगी फुकट. डॉइचलांड-तिकीट म्हणजे देशभरच्या लोकल गाड्यांचा महिन्याचा पास घेणार असाल (मे 2023 मध्ये 49 युरोला सुरू झालं होतं, 2026 पासून 63) तर वेगळं काही काढूच नका.

पिकनिक रविवारी असेल तर सामान शनिवारीच आणून ठेवा, रात्री 8 ला दुकानं बंद झाली की डायरेक्ट सोमवारी. पहिल्या वर्षी हे कोणाच्याच लक्षात राहत नाही. गरम गरम काही करून वाढू वगैरे बेतही नको, जंगलापासून 100 मीटरच्या आत विस्तव पेटवायला बंदी आहे, ग्रिलिंगला ठरलेल्या जागा असतात तिथेच करायचं. बाकी फिरायला मात्र मोकळीक भरपूर, बायर्नच्या 1946 च्या राज्यघटनेतच लिहिलंय की जंगलात आणि डोंगरावरच्या कुरणांत फिरायचा, रानातली फळं बेताने तोडायचाही हक्क सगळ्यांना आहे, मला हे फार भारी वाटतं. फक्त पेरणीपासून कापणीपर्यंत शेतात आणि गवत वाढत असताना कुरणात पायवाट सोडून शिरायचं नाही, मुलांना तिथे फुटबॉल खेळायला सोडलं तर शेतकरी येऊन बोलतो आणि बरोबरच बोलतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, गोचिडी. इथे त्यांना त्सेकन म्हणतात, उंच गवतात आणि झुडपांत असतात, बायर्नचा जवळपास सगळा भाग एफएसएमई या मेंदूज्वराच्या रिस्क एरियात येतो. लस आहे, 3 डोस, पहिल्या दोनमध्ये 1 ते 3 महिन्यांचं अंतर, म्हणजे एप्रिलमध्ये आल्या आल्या डॉक्टरांना विचारलंत तर जूनपर्यंत दोन होऊन जातील. पण बोरेलिओज (लाइम, गोचिडीमुळेच होणारा दुसरा आजार) याला लस नाही, तिथे गोचीड लवकर काढणं हाच उपाय. घरी आल्यावर मुलीचे केसांचे काठ, कानामागे, गुडघ्यामागे, जांघेत नीट बघायचं. काढायचं कार्ड किंवा चिमटा फार्मसीत मिळतो, तेल-बिल लावत बसू नका. नंतरच्या आठवड्यांत त्या जागी लाल वर्तुळ पसरायला लागलं तर सरळ डॉक्टर.

आणि जावंच का म्हणतोय ते सांगतो. पहिला तासभर व्हिसा, घरभाडं, टॅक्स क्लास हेच चालतं, बोअर होतं खरं, पण किटाच्या (इथलं पाळणाघर-बालवाडी) जागेचं काय करायचं हे तिथेच कळतं. कागदावर ऑगस्ट 2013 पासून 1 वर्षावरच्या मुलांना जागेचा हक्क आहे, प्रत्यक्षात कुठल्या किटात कधी जागा सुटते, कोणता बालरोगतज्ज्ञ नवीन पेशंट घेतोय हे ऑनलाइन सापडत नाही, सतरंजीवर शेजारी बसलेल्या आईकडून कळतं. सोपा मार्ग म्हणजे एखादं काम अंगावर घ्या, मुलांचे खेळ घ्या नाहीतर कचऱ्याच्या पिशव्या सांभाळा, तुम्हाला लोक शोधत येतील. नुसतं कोपऱ्यात बसून कोणी बोलेल म्हणून वाट बघितलीत तर सगळे आपापल्या जुन्या ग्रुपमध्येच असतात, मुद्दाम नाही, पण असतात.

नावनोंदणी लवकर करा, जागा भरतात. आणि जाकीट जूनमध्येही घ्या, तलावाकाठी ढग आले की पंधरा मिनिटांत गारठा पडतो.