मानेचे स्नायू: आधी आरसा, मग पुस्तक

अरे, पहिल्याच दिवशी यादी घोकत बसू नकोस. मी तेच केलं आणि व्हायवात (तोंडी परीक्षेत) ओमोहायॉइड या स्नायूवर दातखीळ बसली. आरशासमोर उभा राहा, हनुवटी उजवीकडे वळव. डाव्या कानामागून छातीच्या हाडाकडे जी दोरी ताठ होते, ती स्टर्नोक्लाइडोमॅस्टॉइड. तिच्या पुढे मानेचा अँटीरियर ट्रँगल (पुढचा त्रिकोण), मागे पोस्टीरियर (मागचा). हायॉइड या गळ्यातल्या छोट्या हाडाखालच्या ४ पट्ट्या (स्नायू) नावावरूनच कळतात. ओमो म्हणजे खांदा, म्हणून ओमोहायॉइड स्कॅप्युलापासून (खांद्याच्या फऱ्यापासून) निघतो.

खरा वेळ दे स्केलीनस अँटीरियरला, मानेतल्या एका खोल स्नायूला. त्याच्या अंगावरूनच फ्रेनिक नर्व्ह (श्वासपटलाची नस) उतरते, पुढून सबक्लेव्हियन व्हेन (हाताची मोठी शीर) जाते, मागून सबक्लेव्हियन आर्टरी (धमनी) आणि ब्रेकियल प्लेक्ससची, म्हणजे हाताच्या नसांच्या जाळ्याची, मुळं. हे चित्र न बघता काढता येईपर्यंत काढ. आणि डिसेक्शनला (मृतदेहाच्या चिरफाडीला) प्लॅटिस्मा हा कातडीखालचा पातळ स्नायू जप, कातडीबरोबरच सोलून निघतो मेला.