मास्क खाली पडले की विमान नाक का टाकतं?

ऐरोलीच्या ताईंनी विचारलंय: मास्क पडले की विमान एकदम खाली का झेपावतं, आणि ऑक्सिजन बाराच मिनिटांचा कसा काय पुरतो? दोन्ही गोष्टी एकाच हिशोबातल्या आहेत.

३५,००० फुटांवर केबिनमधली हवा ८,००० फुटांवर असते तितपत दाट ठेवतात. कळसूबाईचा माथा ५,४०० फूट, केबिनची हवा त्याहूनही विरळच. 'केबिनची उंची' (आतली हवा जितक्या उंचीइतकी विरळ, ती उंची) १०,००० झाली की कॉकपिटमध्ये हॉर्न वाजतो, १४,००० च्या सुमारास तुमचे मास्क सुटतात. हवा पूर्ण गेली तर ३५,००० ला डोकं धड चालतं ते अर्धा ते एक मिनिट.

म्हणून पायलट आधी विमानाला हात घालत नाही, स्वतःचा मास्क चढवतो. ऑक्सिजनचा रेग्युलेटर १०० टक्क्यांवर, मग मास्कच्या माइकवरून दोघांना एकमेकांचं ऐकू येतंय ना ते बघायचं. मग बोइंग ७३७ असेल तर केबिनचं प्रेशर मॅन्युअलवर (म्हणजे स्वतःच्या हातात) घेऊन आउटफ्लो व्हॉल्व्ह, म्हणजे हवा बाहेर सोडणारी झडप, बंद करून बघतात. तरी केबिनचं प्रेशर आवरलं नाही की इंजिनं आयडलला (जोर अगदी कमी), पंखांवरचे स्पीडब्रेक वर, ट्रान्सपाँडरवर (रडारला विमान ओळखवणाऱ्या यंत्रावर) आणीबाणीचा कोड ७७००, रेडिओवर मेडेची हाक, आणि खाली. मिनिटाला पाच-सहा हजार फूट उतरलं तर पाचेक मिनिटांत १०,००० गाठतात, जिथे मास्कशिवाय श्वास घेता येतो. बारा मिनिटं पुरतात ती अशी. विमानाच्या सांगाड्यालाच इजा झाल्याची शंका असेल तर मात्र वेग वाढवायचा नाही.

आपल्या सह्याद्रीवर १०,००० निर्धास्त चालतं. लेहकडे डोंगरच त्याहून उंच, तिथे कुठून निसटायचं ते आधीच ठरलेलं असतं.

धडाम आवाज झाला तर निदान कळतं तरी. खरी घातक ती हळू गळती, कारण मेंदूला ऑक्सिजन कमी पडला तरी माणसाला छानच वाटत असतं. १४ ऑगस्ट २००५ ला सायप्रसहून अथेन्सला निघालेल्या हेलिओस कंपनीच्या ७३७ मध्ये प्रेशरचा स्विच जमिनीवरच्या तपासणीनंतर मॅन्युअलवर राहिला होता, त्यामुळे वर चढताना केबिनची हवा विरळ होत गेली. हॉर्न वाजला, पण टेकऑफच्या सेटिंगचा इशाराही त्याच आवाजात वाजतो. वैमानिकांनी तो तसाच घेतला. १२१ जण गेले.

तुमच्यापुरतं: मास्क नुसता तोंडाला लावू नका, स्वतःकडे ओढा. बहुतेक विमानांत त्या ओढीनेच पिन निघते आणि वरच्या डब्यातली रासायनिक क्रिया सुरू होते. करपल्यासारखा वास येईल, तो डबा तापल्याचा. पिशवी फुगली नाही तरी ऑक्सिजन येत असतो, काढू नका. मांडीवर तान्हं असेल तर आधी तुमचा, मग त्याचा. त्यासाठीच कित्येक रांगांत सीटपेक्षा एक मास्क जास्त ठेवलेला असतो.