टाळी कुठे पडते ते आधी बघ

प्रिय कवीमहाशय,

तिच्यासाठी लिहिलेली तुझी प्रेमगाणी वाचली. चाल लावणारा मित्र म्हणतो शब्द बसत नाहीत, आणि तुला वाटतं त्याला भावना कळत नाहीत. मित्र बरोबर आहे. ‘तुझ्या आठवणीत रात्रभर जागतो मी’ या ओळीत मात्रा २२, आणि पुढच्या ‘चंद्रही झोपत नाही’मध्ये १३. तबलजीने मधल्या नऊ मात्रा कुठून आणायच्या?

मात्रा मोज. ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाची दोन. जोडाक्षराचा आघात आधीच्या अक्षरावर आला तर त्याच्याही दोन, म्हणून ‘पत्र’ तीन मात्रांचं. ‘तुझ्या’त आघात येत नाही, तिथे ‘तु’ एकाच मात्रेचा.

सुरुवातीला केरवा तालच धर. आठ मात्रा, पहिलीवर टाळी, ती सम; पाचवीवर खाली, म्हणजे टाळी न देता हात मोकळा. सोळा मात्रांची ओळ दोन आवर्तनांत, म्हणजे तालाच्या दोन फेऱ्यांत बसते. ‘बस सुटता ती वळून बघते’: आठ आणि आठ. दुसरी सम येते ‘वळून’वर, म्हणजे वजन तिच्या वळण्याला मिळालं. तेच शब्द ‘वळून बघते ती बस सुटता’ असे फिरवले की दुसरी सम ‘ती’वर. मात्रा तेवढ्याच, पण गाणं निराळं. हे कागदावर दिसत नाही रे, टाळी देऊन म्हणावं लागतं!

आणि तिचं नाव यमकात कशाला? एकदा ते ओळीच्या शेवटी बसलं की बाकीच्या ओळी त्याला जुळणारे शब्द शोधत फिरतात. तुझ्या पहिल्या गाण्यात ‘सावली’ आणि ‘माउली’ एकत्र आल्या आहेत त्या अशाच.

ध्रुवपद दोन ओळींचं पुरे. अंतरे, म्हणजे कडवी, दोन, चार-चार ओळींचे, आणि प्रत्येकाची शेवटची ओळ ध्रुवपदाच्या यमकावर परतणारी. अंतऱ्यात चाल बहुधा वर चढते, तिथे सूर लांबवायला ‘आ’, ‘ओ’ दे. वरच्या सुरात ‘ई’ आवळते, आणि ‘आठवत’चा ‘त’ धरून तर कुणालाच थांबता येत नाही. एखाद्या जुन्या गाण्याच्या चालीवर लिहिलंस तरी चालेल, पण चाल बदलल्यावर मात्रा पुन्हा मोज.

हिशेबाने प्रेम आटतं म्हणे. मला हे नेहमी ऐकवलं जातं, आणि ऐकवणाऱ्यांची गाणी दुसऱ्या कुणाला गाता येत नाहीत. मी जुनाट तर जुनाट. तिला गुणगुणता आलं नाही, तर ते तिच्यासाठी लिहिलं असं कुठल्या तोंडाने म्हणणार?

चंद्र, चांदणं, हृदय काढून टाक. बस राहू दे, ती तू पाहिलेली आहे.

दुसऱ्या गाण्याचा अंतरा मला आवडला. त्याची तिसरी ओळ तीन मात्रांनी लांब आहे, ‘फक्त’ काढलंस की भागेल. छाटून पाठव. वहीचा फोटो नको, टाळी देत म्हणून रेकॉर्डिंग पाठव.