स्ट्रोकनंतर बाबा सांगितलेला व्यायाम विसरतात, याचा हात-पाय सुधारण्यावर परिणाम होतो का?

हो, होतो, कारण हात-पाय परत चालायला मेंदूला नव्याने शिकावं लागतं आणि शिकायला लक्ष, स्मरणशक्ती लागतेच. मी पुण्यात घरी जाऊन फिजिओ देते, रोज बघते, पायात ताकद आलेली असते पण पेशंट ब्रेक न लावताच व्हीलचेअरवरून उठतो, किंवा स्ट्रोक मेंदूच्या उजव्या बाजूला असेल तर डावीकडे लक्षच जात नाही आणि ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते (घरच्यांना वाटतं नखरे चाललेत!). न्यूरोच्या डॉक्टरांना ३० मार्कांच्या मोका टेस्टबद्दल (MoCA, लक्ष-स्मरणशक्ती तपासणारी छोटी चाचणी) विचारा, मराठीतही होते. एकावेळी एकच सूचना द्या, टीव्ही बंद ठेवून. पण मार्क कमी आले म्हणून व्यायाम सोडू नका, बोलणं गेलेल्यांना सगळं कळत असूनही मार्क कमी पडू शकतात, आणि हात-पाय किती सुधारतील हे सुरुवातीला पॅरालिसिस किती होता यावरही बरंच असतं.