वाचक विचारतात: चार एकर कोरडवाहू, आता काय करू?

मागच्या अंकात कोरडवाहू शेतीवर चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा, मेसेजचा ढीगच लागला. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, म्हणून जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते घेतलेत. नावं मुद्दाम छापत नाही, कारण बऱ्याच जणांनी घरातल्या गोष्टी मोकळेपणानं लिहिल्यात.

प्रश्न: मी पुण्यात कंपनीत आहे, वडील मंगळवेढ्याजवळ साडेचार एकर करतात. काळी जमीन, रब्बीची ज्वारी आणि थोडा हरभरा. शेजाऱ्यांनी बोअर पाडून डाळिंब लावलंय, ऊसही झालाय. मी म्हणतो लोन काढून बोअर मारू, वडील नको म्हणतात. कोणाचं बरोबर?

दादा, मी वडलांच्या बाजूनं आहे, आणि ते नुसतं वडील आहेत म्हणून नाही.

आधी हिशेब बघू. एक एकर उसाला वर्षभरात साधारण ऐंशी लाख लीटर पाणी लागतं. आता शेततळ्याचा हिशेब करा. तीस बाय तीस मीटरचं, तीन मीटर खोल, उतरत्या बाजूंचं शेततळं काठोकाठ भरलं तरी त्यात बावीस लाख लीटरच्या आसपासच पाणी मावतं. म्हणजे अशी जवळजवळ चार तळी एका एकर उसाला. आणि ज्वारीला एक संरक्षित पाणी, म्हणजे पाऊस नसताना पीक वाचवायला दिलेलं पाच सेंटिमीटर पाणी, द्यायचं तर एकरी दोन लाख लीटर पुरतं. तेच एक तळं, बाष्पीभवन, पाझर सगळं वजा करून अर्धं जरी उरलं तरी तुमच्या साडेचार एकराला एकदा पाणी फिरून वर थोडं उरतं. तुमच्या भागात पाणी कमी आहे हे खरंच आहे, पण तेवढ्या पाण्यात जगणारं पीक तुमच्याकडे पिढ्यान् पिढ्या आहे, त्याला एका पाण्याची साथ मिळाली की काम होतं.

बोअरचं म्हणाल तर खालचं पाणी काही तुमच्या बांधाला येऊन थांबत नाही. तुम्ही चारशे फूट गेलात की शेजारी पाचशे जातो, दोन वर्षांनी दोघांच्याही मोटरी कोरड्या आणि हप्ता मात्र चालू. डाळिंब वाईट नाही, सोलापूरच्या डाळिंबाला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय आणि त्यावर घरं उभी राहिलीत हे मी बघितलंय. पण बाग म्हणजे टँकरनं का होईना जगवावीच लागते, ज्वारी एखाद्या वर्षी गेली तर बियाणं आणि मेहनत जाते, घर जात नाही.

आता वडलांसाठी काय करता येईल ते सांगतो. पावसाळ्यात, जुलैपासूनच, रानात बंदिस्त वाफे पाडा, म्हणजे पडलेला पाऊस वाहून न जाता जागेवरच मुरतो. सोलापूरला १९३३ पासून कोरडवाहू शेतीवर संशोधन चाललंय आणि त्यांच्या शिफारशीत ही गोष्ट वरच्या नंबरात आहे. पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरमध्ये, एकरी चार किलो बी, दोन ओळीत दीड फूट. बियाण्याला किलोमागे चार ग्रॅम गंधक चोळा, कणसाला काणी रोग येत नाही. वाण जमिनीच्या खोलीप्रमाणे घ्या: हलक्या रानात फुले अनुराधा किंवा फुले माऊली, मध्यमला फुले सुचित्रा, परभणी मोती किंवा आपली मालदांडी, भारी काळीत फुले वसुधा, फुले यशोदा. मालदांडी मोहोळची निवड आहे आणि भाकरीला तिची सर कशाला नाही हे माझं मत, वाद घालायचा तर घाला.

आणि कोळपणी, म्हणजे पिकाच्या ओळींमधून कोळपं चालवून वरची माती मोकळी करणं. जुनी माणसं म्हणतात एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी, ते मी मागच्या डिसेंबरात स्वतःच्या हातानं तपासलं. एकाच बांधाच्या दोन बाजू, एकाच दिवशी पेरलेल्या, एकीकडे तीन कोळपण्या झालेल्या आणि दुसरीकडे माणूस मिळाला नाही म्हणून एकच. दुसऱ्या रानात भेगा पडलेल्या, एका भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत आत गेला आणि बोटांना आतली गरम कोरडी हवा लागली. पहिल्या रानात वरची दोन बोटं माती भुसभुशीत, ती बाजूला सारली तर खालची माती मुठीत घट्ट लाडूसारखी वळली. ज्वारी त्या ओलीवर उभी होती, पानं रुंद, हिरवी. पहिली कोळपणी तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्यानं, दुसरी पाचव्यात पासाच्या, तिसरी आठव्यात दातेरी कोळप्यानं, म्हणजे भेगा बुजतात. तुम्हाला लोन काढूनच वडलांना काही द्यायचं असेल तर त्या तीन आठवड्यांची मजुरी द्या, ती खरं तर लोनशिवायही निघेल. एकच पाणी असेल तर ते पीक पोटरीत येताना, म्हणजे कणीस बाहेर पडायच्या आधी, पन्नास-पंचावन्न दिवसांना सोडा.

शेततळं करायचं तर पावसाचं वाहतं पाणी अडवायला करा. हल्ली प्लास्टिक टाकून बोअरनं तळी भरतात, जमिनीखाली झाकलेलं पाणी वर काढून उन्हात ठेवायचं, तुमच्याकडे मे महिन्यात उघड्या पाण्याची दिवसाला जवळजवळ एक सेंटिमीटर वाफ होते. हे मला बघवत नाही. कडब्याचा पैसा हिशेबात धरायला विसरू नका, लोक फक्त धान्याचे क्विंटल मोजतात आणि ज्वारी परवडत नाही म्हणतात, जनावरवाल्यांना विचारा दुष्काळी वर्षात कडब्याची पेंढी काय भावानं मिळते.

प्रश्न: माझं सासर भूम तालुक्यात, तीन एकर आहे. मालक पुण्याला गाडीवर असतात, शेत मीच बघते पण सगळं सोयाबीन, घरात डाळसुद्धा विकत. मला एक एकर घरच्या खाण्याचं लावायचंय तर मालक म्हणतात त्यात पैसा नाही. आणि सातबारा त्यांच्या नावावर, बँकेत गेले तर शेतकरी कोण असं विचारतात.

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्ही म्हणताय ते तुमच्याच जिल्ह्यात झालेलं आहे, लांब जायला नको. धाराशिव, लातूरकडे स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेबरोबर हजारो बायकांनी हेच केलं, घरच्यांकडून अर्धा-एक एकर मागून घेतला आणि त्यात भाज्या, कडधान्यं, ज्वारी-बाजरी अशी मिसळ, खत घरचं, बी शक्यतो घरचं. संस्थेला २०१६ साली संयुक्त राष्ट्रांचं इक्वेटर पारितोषिक मिळालं. पण मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की पेरायचं काय हे त्या बाईनं ठरवलं.

मालकांना पैशाच्या भाषेतच सांगा. एक महिना वहीत लिहा: डाळ किती, तेल किती, भाजी, पीठ, ज्वारी, सगळं दुकानाचं बिल. बारानं गुणा. तो आकडा त्यांच्यासमोर ठेवा आणि म्हणा हा पैसा मी तुम्हाला वाचवून देते, एका एकरात. शिवाय सोयाबीनचा भाव पडला तर पूर्ण तीन एकर पडतं, घरात तूर-मूग असेल तर निदान ताट पडत नाही.

काय लावायचं: निम्म्यात बाजरी आणि तूर, दोन ओळी बाजरी एक ओळ तूर. तूर बदनापूरची बीडीएन ७११ घ्या, लवकर येते, पाच महिन्यांच्या आसपास, म्हणजे शेवटी ओल कमी पडायच्या आत शेंग भरते. उरलेल्यात मूग किंवा उडीद पेरलात तर सत्तर-पंचाहत्तर दिवसांत मोकळं होतं आणि मागून थोडी ज्वारी, हरभरा जमतो. बांधाला शेवगा, भोपळा, दोडका, घराजवळ सांडपाण्यावर मेथी, कोथिंबीर, वांगी. आणि बांधावर पाच-सहा सीताफळं लावाच, शेळी त्याच्या पानाला तोंड लावत नाही, पाण्याची फार अपेक्षा नाही, बीडच्या सीताफळाला तर जीआय आहे. बाकी दोन एकर सोयाबीन राहू दे पण त्यात चार ओळीला दोन ओळी तूर घाला, पाऊस मध्येच उघडला तर तूर सावरून घेते.

सातबाऱ्याचं. शरद जोशींनी शेतकरी संघटनेतून लक्ष्मीमुक्तीची हाक दिली तेव्हा गावंच्या गावं बायकांची नावं जमिनीला लावत होती, नंतर सरकारनंही ती सोय करून दिली. नवऱ्यानं स्वखुशीनं तलाठ्याकडे अर्ज दिला तर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. मालक दिवाळीला घरी येतील तेव्हा शांतपणे बोला, भांडणात नको. त्यांनाही कळेल की ते लांब असताना नुकसानीचा पंचनामा असो की पीककर्ज, सहीला घरात माणूस पाहिजे. तोवर बचत गटातून या, उमेदच्या, म्हणजे सरकारच्या ग्रामीण उपजीविका अभियानाच्या, गटाला बँक सातबारा मागत नाही, गटाचं कर्ज गटाच्या नावावर होतं. आणि शेतकरी कोण असं परत कोणी विचारलं तर सांगा मी. पेरते मी, खुरपते मी, काढते मी.

प्रश्न: शेळ्या घेऊ का? दोन एकर माळरान आहे, जामखेडकडचा आहे.

घ्या, पण पाचापासून सुरू करा, पंचवीसपासून नको. उस्मानाबादीच घ्या, आपल्या उन्हातली जात आहे, बऱ्याचदा जुळी देते. पावसाळ्याआधी आंत्रविषार आणि पीपीआर या रोगांची लस सरकारी दवाखान्यातून टोचून घ्या, बहुतेकांच्या शेळ्या मरतात त्या इथंच. बांधावर सुबाभूळ, शेवरी लावा, नुसत्या चराईवर ठेवलंत तर माळ दोन वर्षांत बोडका होईल. दुष्काळात एक शेळी विकून शाळेची फी भरता येते, विहीर विकून भरता येत नाही.

प्रश्न: मी न्यू जर्सीला असतो, मूळ गाव आटपाडी तालुक्यात. आम्ही गावातली बाहेर असलेली दहा-बारा मुलं मिळून बंधारा बांधून द्यायचा विचार करतोय. गावाला खरंच उपयोग होईल ना?

बंधाऱ्यानं पाणी येईल. ते कोणाच्या रानात जाईल हे आधी ठरवा, नाहीतर खालच्या दोन विहिरीवाल्यांचा ऊस वाढेल आणि वरचा कोरडवाहू माणूस पाटी लावलेल्या बंधाऱ्याकडे बघत बसेल. असं झालेली गावं मी बघितली आहेत, पैसा देणाऱ्यांना कळतही नाही.

तुमच्याच मातीत याचं उत्तर आहे. येरळा नदीवर तांदूळवाडी-बलवडीला १९८० च्या दशकात लोकांनी बळीराजा धरण उभं केलं आणि पाणी सगळ्यांना सारखं असं ठरवलं, ज्याला जमीन नाही त्यालाही. आटपाडीत १९९३ पासून नागनाथअण्णा नायकवडींच्या पुढाकारानं पाणी परिषदा भरत आल्या, तुमच्या वडलांना विचारा, बहुतेक ते त्या परिषदांना जाऊन आले असतील. त्याच्याही आधी, १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे पुरंदरमध्ये नायगावला आले, इंजिनिअर माणूस, आणि १९७४ पासून पाणी पंचायत चालू केली. नियम असे: पाणी जमिनीवर नाही, माणसांवर. माणशी अर्ध्या एकराचं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनालाही हक्क. जमीन विकली तरी पाणी जमिनीबरोबर जात नाही. ऊस नाही. आणि खर्चाचा पाचवा हिस्सा शेतकऱ्यांनी स्वतः घालायचा. पन्नास वर्षं झाली, यापेक्षा न्याय्य नियम मी अजून वाचलेले नाहीत.

हिवरे बाजारचं सगळ्यांना माहीत आहे, पण लोक फोटोतले बंधारे बघतात. तिथं पाऊस सरासरी चारशे मिलीमीटरच्या आसपास, आणि पोपटराव पवारांच्या गावानं शेतीसाठी बोअर बंद केले, ऊस-केळी बंद केली, दरवर्षी पावसाळा संपला की गाव बसून पाण्याचा ताळेबंद मांडतं: पिण्याला इतकं, जनावरांना इतकं, उरलं तर कुठलं पीक. पाऊस कमी झाला तर पिकं कमी. तो बंधारा सिमेंटचा नाही, ग्रामसभेचा आहे.

म्हणून माझं म्हणणं, पहिला पैसा सिमेंटला देऊ नका. गावातल्या दोन पोरा-पोरींना वर्षभर मानधन द्या, त्यांनी विहिरींची पातळी महिन्याला मोजून चावडीवर लिहायची, पर्जन्यमापक बसवायचा. ताळेबंद ग्रामसभेत दोन वर्षं नीट झाला, ऊस किती आणि बोअर किती यावर गावानं लिहून ठराव केला, की मग बांधा बंधारा. आणि गाळ काढायचा खर्च आत्ताच बाजूला ठेवा, दहा वर्षांचा. जुने मातीनं भरलेले बंधारे असतीलच गावात, कदाचित नवा बांधायची गरजही पडणार नाही.

प्रश्न: तूर काढली की लगेच विकावी लागते, देणी असतात. भाव नंतर वाढतो. काय करायचं?

बाजार समितीत शेतमाल तारण कर्ज विचारा, पणन मंडळाची १९९० पासूनची योजना आहे आणि तरी कितीतरी जणांना माहीत नाही. माल समितीच्या गोदामात ठेवायचा, किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत कर्ज, सहा टक्के व्याज, सहा महिने मुदत. तूर, मूग, उडीद, सोयाबीन, हरभरा, ज्वारी चालतं. माल वाळवून, चाळून न्या, ओल असेल तर घेत नाहीत. ही योजना शेतकऱ्याच्या स्वतःच्या मालासाठी आहे, व्यापाऱ्याला नाही, म्हणून सातबाऱ्यावर पीकपेरा नोंदलेला पाहिजे, ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून पिकाची नोंद, पेरणीनंतर वेळेत करून टाका. आणि तुमच्या समितीत ही योजना चालू नसेल तर एकटे जाऊ नका, गटातले दहा जण मिळून सचिवांकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या.