लक्षद्वीपकडे वादळ येतंय हे किती आधी कळतं?

डिसेंबरात लक्षद्वीपला जायचंय, वादळ उठलं तर किती दिवस आधी कळतं, आणि इशारा देऊनही मच्छीमार समुद्रात जातातच हे खरं का, असं तुम्ही विचारलंय. पहिल्या प्रश्नाचं उत्तर कुणीही देईल. मी लिहायला बसलो तो दुसऱ्यासाठी. मी देवगडचा, घरची बोट आहे, आणि २०१७ च्या ओखी चक्रीवादळाच्या वेळी आमच्या बंदरात कोण येऊन लागलं ते मी पाहिलंय.

२९ नोव्हेंबर २०१७ ला सकाळी श्रीलंकेच्या आग्नेयेला ओखी म्हणजे नुसतं कमी दाबाचं तीव्र क्षेत्र, डिप्रेशन होतं. ३० तारखेच्या सकाळी कन्याकुमारीजवळ त्याचं चक्रीवादळ झालं होतं. मधे एक दिवस. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे पहिली सूचना ७२ तास आधी, अ‍ॅलर्ट ४८ तास आधी आणि वॉर्निंग २४ तास आधी यायची असते. जे वादळ किनाऱ्याला खेटूनच जन्मतं आणि चोवीस तासांत मोठं होतं, त्याला हे वेळापत्रक कुठून लागू पडणार? १ डिसेंबरला ते लक्षद्वीपवर होतं. मिनिकॉय, कल्पेनीला तडाखा बसला. २ तारखेला वारा ताशी १५० किलोमीटरच्या वर.

थुथूरकडची, कन्याकुमारी जिल्ह्यातली माणसं खोल समुद्रात मुशी आणि कुपा मारायला जातात. सफर आठवड्यांची असते. वादळाचा जन्म व्हायच्या कितीतरी आधी ती बंदरातून सुटलेली होती. बंदरावर धोक्याचा बावटा चढवला तर तो बंदरातल्या बोटीला दिसतो. मोबाईल दहा-बारा किलोमीटरवर मुका होतो, वायरलेसही फार लांब पोचत नाही. त्यांना सांगणार कोण आणि कसं?

देवगडचं बंदर चारी बाजूंनी सुरक्षित, म्हणून वाट सापडली त्या बोटी इकडे वळल्या. सिंधुदुर्गच्या किनाऱ्याला ६८ बोटी लागल्या, त्यांत ९५२ माणसं. बहुतेक बोटींवर केरळचे नंबर. जेटीवर उभं राहायला जागा नव्हती. भाषेची पंचाईत, कुणाकुणाला मोडकं हिंदी येत होतं तेवढंच. आमची काकी म्हणाली, "पोरां भुकेली आसत, आधी जेवूक घाला, मागसून इचारा." भात आणि आमटीची पातेली खाली गेली. जेवण झाल्यावर एका वयस्क तांडेलाला, म्हणजे बोटीच्या म्होरक्याला, मी विचारलं, खबर कधी मिळाली? तो म्हणाला, "खबर नहीं. पहले हवा आया." हाताने दाखवलं, वारा कुठून होता आणि कुठे फिरला. लाट एका अंगाने, वारा दुसऱ्या अंगाने, तेव्हा त्याने पाण्यातला मासेमारीचा दोर कापून दिला आणि उत्तरेला धरलं. शेजारची बोट दोर ओढत बसली. ती पुढे दिसली नाही, एवढं सांगून तो गप्प झाला. ओखीत दोनशेहून अधिक माणसं गेली, कितीतरी सापडलीच नाहीत.

आता तुमचं. आपल्याकडे वादळात विमान घालून वारा मोजत नाहीत. इन्सॅट उपग्रहाच्या चित्रांत ढगांची गुंडाळी किती घट्ट आहे यावरून जोर ठरवतात. ड्वोरॅकची पद्धत म्हणतात तिला. जवळ आलं की रडार. वादळ स्वतःहून चालत नाही, वरचे मोठे वारे त्याला नेतात, त्यामुळे दिशेचा अंदाज बऱ्यापैकी येतो. जोराचा अंदाज अजूनही कच्चा आहे. टीव्हीवर वादळाच्या वाटेची एकच रेघ काढून दाखवतात ते मला अजिबात पटत नाही. त्या रेघेभोवतीचा पसरत जाणारा शंकू, म्हणजे वादळ जाऊ शकेल तो सगळा टापू, बघायचा. पन्नास किलोमीटर इकडेतिकडे झालं तर गुजरातच्या किनाऱ्याला फारसा फरक पडत नाही, पण बेटाचं सगळं त्यावरच ठरतं. लक्षद्वीपला डोंगर नाही, बेटं समुद्रापासून जेमतेम काही मीटर वर. वादळ तिथे थकत नाही, तसंच पुढे जातं. भोवती समुद्र एकदम खोल असल्याने पाणी हळूहळू चढत नाही, लाटाच सरळ येऊन आदळतात.

माझे एक मेहुणे ठाण्याला असतात. ओखीच्या वेळी ५ तारखेला मुंबईत शाळांना सुट्टी मिळाली, पाऊस पडला, आणि वादळ समुद्रातच ढिलं पडून सुरतजवळ नुसता कमी दाब म्हणून पोचलं. त्यावरून "उगाच घाबरवतात, आणि ज्यांना सांगायचं ते हावरट, ऐकतच नाहीत" हे ते आजही प्रत्येक लग्नात ऐकवतात. दादा, ज्याच्यापर्यंत शब्दच पोचला नाही त्याने ऐकलं नाही म्हणणं हा अन्याय आहे. ओखीनंतर, २०१९ मध्ये, उपग्रहावरून बोटीवर इशारा पोचवणारं जेमिनी यंत्र आलं. तेही एकतर्फी, बोटीवरून उत्तर देता येत नाही. दोन्हीकडून बोलता येईल असे एक लाख ट्रान्सपॉन्डर बसवायच्या योजनेची सुरुवात पालघरला झाली ती २०२४ च्या ऑगस्टमध्ये. सात वर्षं लागली. हावरटपणा कुणाचा, ते मोजा.

बावटा असतानाही बोट काढणारे आमच्यात आहेत, हेही खरं. कर्ज आणि डिझेलचं बिल डोक्यावर असलं की माणूस एक दिवस जुगार खेळतो. पण ते किनाऱ्याजवळचे, आणि ओखीत अडकलेले ते नव्हेत.

तुम्ही जा. परतीच्या तारखेनंतर दोन-तीन दिवस मोकळे ठेवा, कारण वारा वाढला की आधी कोचीची जहाजं थांबतात आणि मग अगत्तीच्या विमानावर झुंबड उडते. मोबाईलवरचं अ‍ॅप सोडून हवामान खात्याचं बुलेटिन वाचा. आणि बेटावरच्या मच्छीमाराने होडी वर ओढायला घेतली तर त्याला कारण विचारत बसू नका, सामान बांधा.