ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायची आहे, अँप कोणता घेऊ?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चार तारांची वापरलेली बेस गिटार हाती आली आहे, दोन महिन्यांनी गणपतीत सोसायटीच्या मांडवात हिंदी-मराठी गाण्यांच्या ऑर्केस्ट्राबरोबर वाजवायचं आहे, तारा मधूनमधून खरखरतात. त्यात अँप कोणता घ्यावा, की पाच तारांचीच गिटार घ्यावी, हे ठरत नाही.

माझं मत सरळ सांगतो. अँप आत्ता घेऊच नका. ते पैसे आधी नव्या तारा, एक चांगला डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल मिक्सरपर्यंत नीट पोचवणारी छोटी डबी) आणि दोन धड केबल यांवर घाला, आणि एक अख्खी संध्याकाळ गिटारच्या सेटअपला, म्हणजे नेक, तारांची उंची आणि सूर यांच्या जुळणीला द्या.

कारण असं. बेसच्या मोकळ्या ई तारेचा, म्हणजे न दाबता वाजवलेल्या सगळ्यात जाड तारेचा, स्वर ४१ हर्ट्झचा. इतका खालचा स्वर मांडवात पोचवायचा तर भरपूर हवा हलवावी लागते. दुकानात छान वाजणारा २०-४० वॉटचा सरावाचा अँप ऑक्टोपॅड आणि ढोलकीसमोर ऐकूच येत नाही. आवाज दुप्पट वाटायला साधारण दहापट वॉट लागतात, त्यामुळे ४० चा ८० केल्याने फारसं काही होत नाही. ड्रमसेटसमोर टिकायला २००-३०० वॉट आणि तितकाच दमदार कॅबिनेट (स्पीकरचा खोका) हवा. तो टेम्पोतून नेणार कोण? शिवाय मोठा अँप स्टेजवर गरजला की त्याचा आवाज गायकांच्या माइकमध्ये शिरतो आणि साउंडवाला वैतागतो. मांडवात त्याचे बेसचे स्पीकर आधीच उभे असतात. तुम्ही त्याला स्वच्छ सिग्नल द्यायचा, एवढंच.

आता खरखर. आधी नव्या तारा चढवा. ४५-६५-८५-१०५ हा नेहमीचा जाडीचा संच घ्या. जाड तार खुंटीपलीकडे १०-१२ सेंटीमीटर ठेवून तोडायची असते. पण आधी तिथे काटकोनात वाकवा, मग वाकवलेल्या जागेच्या पुढे कापा. न वाकवता कापली तर काही तारांचं वरचं वेष्टन आतल्या गाभ्यावर सैल पडतं आणि ती तार कायमची मेल्यासारखी वाजते. खुंटीवर दोन-तीन वेढे पुरतात, आणि ते खालच्या दिशेने उतरत जायला हवेत.

तारा पूर्ण सुरात आणल्यावरच मोजमाप करा. सैल तारांवर केलेला सेटअप फुकट जातो. पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) आणि जिथे नेक बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर ई तार एकाच वेळी दाबा, आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेटमधली फट बघा. ०.३ मिमी हवी, म्हणजे साधारण एका व्हिजिटिंग कार्डाची जाडी. गाडीचे टॅपेट सेट करायचा फीलर गेज ऑटो पार्टच्या दुकानात मिळतो. गिटारवाल्यांच्या खास गेजपेक्षा तो कुठेच कमी नाही. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) घड्याळाच्या दिशेने फिरवायचा, कमी असेल तर उलटा. एका वेळी पाव फेरा, मग पुन्हा सुरात आणून मोजायचं. ॲलन की नेमक्या मापाची हवी. सैल बसणारी की रॉडच्या नटाचे कोपरे खाते, आणि मग ते काम कारागिराकडेच जातं. नट जड लागला तर जोर करू नका.

त्यानंतर तारांची उंची. सतराव्या फ्रेटवर ई तारेखाली २.४ मिमी आणि सगळ्यात बारीक जी (G) तारेखाली २ मिमी ही चांगली सुरुवात. बोटं जोरात मारायची सवय असेल तर २.८ आणि २.४ ठेवा.

खरखर कुठे येते त्यावरून दोष कळतो. पहिल्या पाच फ्रेटमध्येच येत असेल तर नेक जास्त सरळ झाली आहे किंवा मागे वाकली आहे. ट्रस रॉड सैल करा. बाराव्याच्या पुढे येत असेल तर सॅडल (ब्रिजवरचा तारेचा टेकू) उचला. एकाच फ्रेटवर येत असेल तर त्याच्या पुढचा फ्रेट उठला आहे; तिथे घरी काही करू नका. फक्त मोकळी तार खरखरत असेल तर नेकच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीची, म्हणजे नटची, खाच खोल गेली आहे. आणि जी खरखर नुसत्या कानाला ऐकू येते पण केबल लावल्यावर स्पीकरमधून येत नाही, ती सोडून द्या. तिच्यापायी लोक तारा इतक्या उंच करतात की दोन तासांच्या कार्यक्रमात डावा हात आखडतो.

शेवटी सुराची जुळणी. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता बोट नुसतं टेकवून काढलेला स्वर) आणि त्याच फ्रेटवर दाबलेला स्वर ट्यूनरवर ताडून बघा. दाबलेला स्वर चढा आला तर सॅडल मागे न्या, उतरा आला तर पुढे आणा. पिकअप (तारांखालचा, आवाज पकडणारा चुंबकाचा भाग) तारांच्या फार जवळ नको, चुंबक तारेला ओढतो आणि स्वर डगमगतो. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून जाड बाजूला ३ मिमी आणि बारीक बाजूला अडीच मिमी अंतर पुरेसं. मुंबई, कोकण, गोवा या दमट पट्ट्यात पावसाळ्यात लाकूड हलतंच, म्हणून कार्यक्रमाच्या आठवड्यात रिलीफ, म्हणजे सातव्या-आठव्या फ्रेटवरची ती फट, पुन्हा मोजा. वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने पुसा. जुन्या तारा पाण्यात दहा मिनिटं उकळून पूर्ण वाळवल्या की चार दिवस चमकतात. हा उपाय सरावापुरता ठीक, कार्यक्रमाला नको.

डीआय बॉक्सचं काम एवढंच की गिटारचा नाजूक सिग्नल लांब केबलमधून न बिघडता मिक्सरपर्यंत न्यायचा. गिटार थेट वीस मीटरच्या साध्या केबलने मिक्सरला जोडली की वरचे स्वर बोथट होतात आणि गुणगुण शिरते. तुमच्या गिटारमध्ये बॅटरी नसेल तर ॲक्टिव्ह डीआय घ्या. साधा पॅसिव्ह बॉक्स अशा पिकअपवर भार टाकतो, आवाज मळका होतो. ॲक्टिव्ह डीआयला मिक्सरकडून ४८ व्होल्टचा फँटम (केबलमधूनच येणारा वीजपुरवठा) लागतो, म्हणून दोन्ही सोयी असलेला, बॅटरीवरही चालणारा डीआय बरा. गिटार स्वतःच बॅटरीवर चालणारी असेल तर साधा पॅसिव्ह डीआयही चालतो. पण मग लक्षात ठेवा, जॅक आत असेपर्यंत ९ व्होल्टची बॅटरी संपत राहते. सराव झाला की जॅक काढा. फाटका आवाज येऊ लागला की स्पीकरला दोष देण्याआधी बॅटरी बदला.

गुणगुण आली तर डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबून बघा. ते फक्त सिग्नलच्या केबलची अर्थची जोडणी तोडतं, धोका नाही. थ्री-पिन प्लगची जाड पिन मोडून गुणगुण घालवणारे महाभाग अजून भेटतात. तो उपाय नाही, जिवाशी खेळ आहे. मांडवात जनरेटर असतो, अर्थिंगचा भरवसा नसतो. हात तारांवर असताना ओठ माइकला लागले की झटका बसू शकतो. सुरुवातीलाच माइकच्या जाळीला टेस्टर लावून बघा. दिवा पेटला तर इलेक्ट्रिशियन येईपर्यंत गिटारला हात लावायचा नाही.

जॅझ बेस प्रकारची, दोन सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याच्या) पिकअपची गिटार असेल तर दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण ठेवा. सहसा एकाची गुणगुण दुसरा खोडतो. एक कमी केलात की एलईडी भिंत आणि दिव्यांचे डिमर ऐकू येऊ लागतात. १९५१ साली आलेल्या प्रिसिजन बेसचा आजचा दुभागलेला पिकअप हा त्रास मुळातच देत नाही, म्हणून मांडवातल्या कामाला मला तोच जास्त आवडतो.

साउंड चेकला टोन सपाट ठेवून सुरुवात करा. साउंडवाल्याकडे नेमकं मागा: ३५-४० हर्ट्झच्या खालचं कापा, २५० च्या आसपास ३ डेसिबल कमी करा. बेस जाणवतो पण स्वर कळत नाही अशी तक्रार आली तर खाली काही वाढवू नका, ७००-९०० मध्ये थोडं वाढवा. 'बेस वाढव' म्हटलं की तो ६० हर्ट्झ वाढवतो आणि सगळा मांडव घुमतो. त्यात न वाजणाऱ्या तारा मोकळ्या राहिल्या तर मोठ्या स्पीकरजवळ त्या आपोआप झणझणतात. उजवा अंगठा वरच्या तारांवर टेकवत न्यायची सवय आत्तापासूनच लावा. जुन्या गाण्यांसाठी ब्रिजजवळ तारांखाली स्पंजची पट्टी सारा. भांडी घासायचा नवा स्पंज कापून चालतो. स्वर आखूड, गोल होतो आणि ढोलकीला जागा मिळते.

आता ज्यावर बेसवाले सगळ्यात जास्त अडकतात ते: की-बोर्डवाल्याचा डावा हात. ऑर्केस्ट्रातला की-बोर्डवाला वर्षानुवर्षं बेस स्वतःच वाजवत आलेला असतो, किंवा की-बोर्डच्या स्टाइलमधला (आधीच भरलेल्या साथीतला) बेसचा ट्रॅक चालू असतो. दोन बेस एकत्र वाजले की चिखल होतो. पहिल्याच तालमीला, आदराने पण स्पष्ट, 'दादा, स्टाइलमधला बेस बंद ठेवाल का?' असं विचारून घ्या.

गायक पट्टी सांगतो ती काळी-पांढरीत, आणि गायक बदलला की पट्टी बदलते. काळी एक म्हणजे ए तारेचा चौथा फ्रेट, काळी दोन म्हणजे ए चा सहावा. काळी तीन ई तारेवर दुसऱ्या, काळी चार चौथ्या, काळी पाच सहाव्या फ्रेटवर. यातल्या एकाही षड्जाला मोकळी तार मिळत नाही. म्हणून प्रत्येक गाणं मोकळ्या तारांशिवाय बसवा. मग पट्टी ऐनवेळी अर्ध्या स्वराने हलली तरी हात एक फ्रेट सरकतो, बोटं तीच राहतात.

केरव्यात पहिल्या मात्रेला मूळ स्वर आणि पाचव्याला पंचम ही साधी चौकट. 'धा गे'वर डग्गा घुमत असतो, तिथे स्वर आखूड ठेवा. 'ती न के'ला डग्गा गप्प असतो, म्हणून पाचव्या मात्रेचा स्वर लांबवता येतो. दादऱ्यात पहिली आणि चौथी मात्रा. याहून जास्त सजावट पहिल्या कार्यक्रमात कोणी मागत नाही.

पाच तारांची गिटार? माझ्या मते अजून नको. पाचवी बी तार ३१ हर्ट्झची. भाड्याचे स्पीकर तिचा तळ नीट देतच नाहीत, आणि स्वस्त गिटारवर ती तार लोंबकळल्यासारखी वाजते. तिचा खरा फायदा काळी एक, काळी दोन या पट्ट्यांत खालचा षड्ज हाताखाली मिळण्याचा आहे. तेवढ्यासाठी काळी दोनच्या गाण्याला ई तार अर्धा स्वर उतरवली तरी भागतं. मात्र मग त्या तारेवरचे सगळे फ्रेट एकने सरकतात, हे तालमीतच अंगवळणी पाडा.

पिशवीत दुसरी केबल, ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, तारांचा संच, ॲलन की, इन्सुलेशन टेप, छोटी टॉर्च आणि एक्स्टेंशन बोर्ड असू द्या. ट्यूनर पायाने दाबायचा घ्या. क्लिपचा ट्यूनर ढोलकीच्या गोंगाटात ई तारेवर गोंधळतो (तोच असेल तर बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक वाजवून जुळवा), आणि पायाच्या ट्यूनरने दोन गाण्यांमध्ये आवाजही बंद करता येतो. कार्यक्रम संपल्यावर साउंडवाल्याला चॅनल म्यूट करायला सांगा, त्याने मान हलवली की मगच जॅक उपसा.